एक गाव, दोन गणपत

आमच्या घरात पोळ्याच्या दिवशी एक वाक्य हमखास बोलले जायचे. बैलांना ओवाळून झाले, पुरणपोळीचे जेवण आटोपले, मंडळी पान लावायला ओसरीवर टेकली की कोणीतरी नाल्याकाठच्या वावराचा विषय काढायचे. "ते वावर असते तर आज..." अशी सुरुवात व्हायची आणि "पण गणपतरावांनी ते दारूपायी फुंकले" इथे शेवट. तेवढ्यात आत्या उठून आत जायची. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण आणि गणपतराव हे तिचे वडील. ती बारा वर्षांची असताना ते वारले. त्यामुळे बापाची बाजू घ्यायला तिच्याजवळ ना वय होते, ना पुरावा. (घरातली नावे इथे बदलून घेतली आहेत. गाव यवतमाळ जिल्ह्यातले, एवढे सांगितले तरी पुरे.)

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. चार वर्षांपूर्वी घरातल्या एका मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जुळवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. कागद जमवता जमवता लक्षात आले की आमच्या गावात 'गणपत वल्द विठोबा' या नावाने जे कागद आहेत, ते सगळे एकाच माणसाचे धरले तर तो माणूस एकशे बारा वर्षे जगला, त्याला तीन गावच्या तीन बायका होत्या आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याने शाळेत नाव घातले. घरच्या वंशावळीत त्याचा एकच चौकोन होता. त्या एका चौकोनात किती माणसे दडली आहेत, हे शोधण्याची ही हकीकत.

आपण नाव सांगतो ते तिपेडी. स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. एवढे सांगितले की माणूस पक्का झाला, अशी आपली समजूत. पण आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत आहे, हे आपण विसरतो. गणपतचा मुलगा विठोबा, विठोबाचा मुलगा पुन्हा गणपत. एक पिढी सोडून तेच नाव, तोच बाप, तेच आडनाव. रहाटाच्या पोहऱ्यासारखे नाव खाली जाते आणि पुन्हा वर येते.

यात लहानमोठे असा भेद नाही. पेशव्यांचेच बघा. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव हेही आजोबा-नातूच. इतिहासकारांनी 'थोरले' आणि 'दुसरे' ही विशेषणे लावली म्हणून बरे. नाहीतर १७०० साली जन्मलेला, १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकलेला, १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झालेला आणि १८५१ मध्ये ब्रह्मावर्तास वारलेला असा दीडशे वर्षांचा एकच बाजीराव आपल्या पदरी पडला असता. नागपूरकर भोसल्यांकडे तर रघूजी तीन. पहिला १७५५ मध्ये गेला, तिसरा १८५३ मध्ये. आपल्याच जिल्ह्यातल्या भांबला ज्यांचे ठाणे होते ते कान्होजी भोसले, आणि कोकणच्या किनाऱ्यावर आरमार चालवणारे कान्होजी आंग्रे, हे साधारण एकाच काळातले. आडनाव नसलेला एखादा कागद हाती आला तर नवख्याची पंचाईत होणारच.

वणीला १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांचे पूर्ण नाव माधव श्रीहरी अणे. वडील श्रीहरी. आणि राज्याचे माजी महाधिवक्ता श्रीहरी अणे हे बापूजींचे नातू. मोठ्या माणसांची चरित्रे असतात, छायाचित्रे असतात, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. कुणब्याच्या, माळ्याच्या, कोलामाच्या घरातल्या गणपतचे चरित्र कोण लिहिणार? त्याचे चरित्र म्हणजे कचेरीतल्या पाच-सहा ओळी, त्याही पाच-सहा वेगवेगळ्या बस्त्यांत विखुरलेल्या.

गावात मात्र कधी घोटाळा होत नसे. एक 'वरच्या पुऱ्यातला गणपत', दुसरा 'विहिरीवाला', तिसरा नुसताच 'बुटक्या'. माणसे ओळखायला नाव लागतच नाही, खूण लागते. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसते, अमक्याचा मुलगा तमका एवढेच. तिथे टेलिफोनच्या डिरेक्टरीत माणसे पहिल्या नावाने लावायची आणि पुढे धंदा छापायचा, अशी पद्धत पडली. आपल्या पटवाऱ्याने मात्र धंद्याच्या रकान्यात सगळ्यांना 'शेती' लिहून ठेवले आणि 'विहिरीवाला' ही खूण गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर मसणात गेली.

शोधाची पहिली पायरी म्हणजे कोतवाल बुक. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल. गावातल्या जन्म-मृत्यूची जी नोंदवही ठेवली जाई, तिला आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात. अर्ज करावा, कोर्ट फी लावावी आणि नकलेची वाट बघावी. माझ्या नशिबाने रेकॉर्ड रूममध्ये एक समजूतदार कारकून भेटला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "साहेब, नाव शोधू नका. नावाने आलेला माणूस इथून रिकाम्या हाताने जातो, नाहीतर चुकीचा बाप घेऊन जातो."

त्याचे म्हणणे पानोपानी पटत गेले. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुतेकदा नसतेच. बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असते. 'मुलगा', बापाचे नाव, जात, तारीख. झाले. आईचे नाव क्वचित. मग तो मुलगा थोरला की धाकटा, जगला की गेला, हे मृत्यूची पाने चाळल्याशिवाय कळत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्यप्रांत आणि वऱ्हाडात जो हाहाकार केला, त्या साली तर घरेच्या घरे झोपली. वंशावळीत पुष्कळदा एखादी फांदी अचानक तुटलेली दिसते, तेव्हा आधी हे साल तपासावे.

नावांमध्येही खुणा असतात. मुले दगावत असलेल्या घरात पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम दगडू, धोंडू किंवा आमच्या वऱ्हाडात उकंडा ठेवायचे, यमाने हा उकिरड्यावरचा जीव समजून सोडून द्यावा म्हणून. वंशावळीत उकंडा दिसला की त्याच्या आधीची दोन-चार पाने मागे उलटावीत, बहुधा भावंडांच्या मृत्यूची नोंद सापडते. तसेच पुष्कळ घरांत जिवंत वडीलधाऱ्याचे नाव बाळाला ठेवत नसत. नातू 'गणपत' झाला म्हणजे आजोबा गणपत त्याआधीच गेला असावा, असा अंदाज बांधता येतो. अंदाज, पुरावा नव्हे. आमच्याकडे तो खरा निघाला. थोरला गणपत १९०१ मध्ये वारला आणि नातवाचा जन्म १९०२ चा. एकशे बारा वर्षांचा म्हातारा तिथेच दुभंगला आणि ऐंशीव्या वर्षी शाळेत जाण्याचे कोडेही सुटले.

पण आत्याचे कोडे सुटले नाही. कारण वावर विकले गेले ते १९३१ मध्ये, म्हणजे थोरल्या गणपतच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. विकणारा धाकटा गणपतच असला पाहिजे, असेच कोणीही म्हणेल. मीही म्हणालो. आत्याला काहीच सांगितले नाही.

इथे थोडे थांबून जुन्या कागदांच्या भाषेविषयी सांगायला हवे, कारण निम्मे गोंधळ माणसांचे नसून अक्षरांचे असतात. जुने दस्त मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, लेखणी न उचलता ओळ सरसर पुढे जाते. त्यात आमची वऱ्हाडी. आमच्याकडे विठोबाचा इठोबा होतो, गणपतचा गनपत होतो, आणि 'ळ' चा 'य' होतो. बळीराम हा बयीराम होऊन वहीत जातो. लिहिणारा बाहेरगावचा असला की तो 'शुद्ध' करून बळीराम लिहितो, गावचा असला की जसे ऐकले तसे. मग नातवंडे म्हणतात, आमचे पणजोबा बळीराम, हा बयीराम कोणी दुसरा. एका माणसाचे दोन होणे हे दोन माणसांचा एक होण्याइतकेच सोपे.

तारखांचेही तेच. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याआधीच्या कागदांवर शक असेल किंवा फसली साल असेल. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, दक्षिणी फसलीत ५९० मिळवावे लागतात. शके १७७५ आणि फसली १२६३ हे जवळपास एकच वर्ष, पण वाचणाऱ्याला वाटते मधे पाचशे वर्षांचे अंतर. एवढी मोठी चूक लगेच दिसते म्हणून ठीक. पाच-दहा वर्षांची चूक होते तेव्हा मुलगा बापाच्या जागी जाऊन बसतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

आणि जिल्ह्याचे नाव! १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ नव्हतेच, ते होते वणी. मुख्यालय मात्र यवतमाळला. त्या साली वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका इकडे जोडला गेला. तेव्हा पुसदकडच्या माणसाने १९०५ च्या आधीचा पूर्वज शोधायचा तर तो कागदोपत्री वाशीम जिल्ह्याचा रहिवासी असतो. 'आमचे लोक वाशीमचे नाहीत' म्हणून खरा कागद बाजूला सारणारे महाभाग मी स्वतः पाहिले आहेत.

पुसद-दिग्रस-दारव्ह्याच्या बंजारा तांड्यांत तर आणखी वेगळी अडचण. सगळा तांडाच राठोडांचा, नाहीतर पवार, चव्हाण, जाधवांचा. गहुलीला १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक यांचेही मूळ आडनाव राठोड. नाईक हा तांड्याचा प्रमुख, ते पद, ते पुढे आडनाव झाले. म्हणजे आजोबा एका आडनावाने आणि नातू दुसऱ्या आडनावाने नोंदलेला, आणि दोघे एकाच घरातले. याच्या उलट प्रकार मेश्रामांचा. विदर्भात मेश्राम गोंडांतही आहेत आणि बौद्धांतही. गोंडांत नुसत्या आडनावाला पुरेसे महत्त्व नाही. चार देव, पाच देव, सहा देव की सात देव, हे विचारल्यावर माणूस कोणाचा सोयरा आणि कोणाचा भाऊ ते ठरते. परधान आपल्या किंगरीवर कुळांच्या ज्या कथा गातात, त्यात हा सगळा हिशेब असतो. शिकलेल्या माणसांनी या तोंडी दप्तराला फार दिवस हसण्यावारी नेले, हे बरे झाले नाही. कागदावर दोन माणसे एक झाली की ती वेगळी करायला कधी कधी गाणेच कामाला येते.

आज हे सगळे नुसत्या हौसेचे राहिलेले नाही. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, आणि त्या पुराव्यातला माणूस आपलाच पूर्वज आहे हे वंशावळीने दाखवावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर जुने बस्ते पुन्हा उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. नोंद सापडणे ही अर्धीच लढाई. नोंदीतला गणपत आणि अर्जातला पणजोबा गणपत एकच, हे कोण ठरवणार? कायद्यानेही तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्यावरची सही-निशाणी खरी धरता येते. तो सही करणारा तुमचा आजोबा होता, असे मात्र कायदा धरून चालत नाही. ते तुम्हीच दाखवायचे. मुलाचा मेडिकलचा प्रवेश, मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, असे बरेच काही त्या एका दाखवण्यावर अवलंबून असते.

नकली वंशावळींचा धंदाही याच फटीतून वाढतो. नाव जुळले की झाले, असे म्हणणारे 'जाणकार' कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

तर आमचा गणपत. कारकुनाचे ते वाक्य डोक्यात होते, नाव शोधू नका. मग काय शोधायचे? उत्तर त्यानेच दिले. वावर शोधा. माणसे मरतात, नावे फिरून येतात, वावर जागचे हलत नाही. वऱ्हाडात इंग्रजांनी पहिली मोजणी केली ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर, रयतवारी पद्धतीने. प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर. पुढे पोटहिस्से पडले, आणखी पुढे गट नंबर आले, पण जुना नंबर नव्याशी जोडून देणारे कागद भूमी अभिलेखात मिळतात. नंबर हाती आला की शेतवारपत्रक, फेरफार, पेरेपत्रक आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख अशी पावले मागे-पुढे टाकता येतात. हा १९५४-५५ चा अभिलेख विदर्भाच्या माणसाला फार उपयोगी. त्या काळी आपण मध्यप्रदेशात होतो, म्हणून तो पुण्या-साताऱ्याकडे नाही.

आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोन सूच्या असतात. पहिली माणसांच्या नावांनी लावलेली, दुसरी मिळकतीच्या वर्णनाने. सगळे लोक पहिलीत बोट फिरवतात. मीही तेच केले होते आणि तिथे गणपत विठोबांची रांग लागली होती. दुसऱ्या सूचीत नाल्याकाठच्या वावराचा नंबर शोधला. एकच दस्त निघाला. १९३१ चे खरेदीखत, सात एकर वीस गुंठे.

ते मोडीत होते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी ते दोन संध्याकाळी बसून लावले. सुरुवातीला नेहमीचेच. लिहून देणार गणपत वल्द विठोबा, आमचेच आडनाव, आमचीच जात, आमचेच गाव. माझा जीव खाली बसला. मग गुरुजी म्हणाले, "वय पंचेचाळीस."

धाकटा गणपत १९०२ चा. १९३१ मध्ये त्याचे वय एकोणतीस. आता जुन्या दस्तांतले वय म्हणजे 'अंदाजे' या शब्दाचा धाकटा भाऊ. पाच वर्षे इकडेतिकडे कोणीही धरत नाही, पण सोळा वर्षे जास्तच झाली. शेवटी पाहिले तर सहीच्या जागी 'निशाणी अंगठा'. जुन्या काळी कुणब्याने नांगर काढावा, शिपाईगड्याने कट्यार, बाईने बांगडी, अशी रीत होती. पुढे सगळ्यांचाच अंगठा झाला. पण शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात धाकट्या गणपतचे नाव चौथीपर्यंत होते. चौथी शिकलेला माणूस अंगठा का देईल?

मी आत्याकडे गेलो आणि तिच्या वडिलांच्या हातचे काही लिहिलेले आहे का विचारले. तिने कोठीतून एक पितळेचा गुंड काढला. त्याच्या काठावर ठोकून घेतलेली अक्षरे होती, पूर्ण नाव आणि साल १९३४. सही ती नव्हे, ती तांबट-कासाराच्या हातची. पण वाचकहो, आपल्या घरची जुनी भांडी एकदा पालथी करून बघा. लग्नातल्या आहेराच्या गुंड-परातींवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख असते, आणि कचेरीत कुठेही न सापडणारे आजीचे माहेर तिथे सापडते. मोडीत आले म्हणून हजारो घरांनी विकून टाकले, ते एक दप्तरच होते. गुंडाबरोबर कोठीतून एक पोथीही निघाली. आतल्या पानावर मोडीत वळणदार अक्षर, 'हे पुस्तक गणपत विठोबा याचे असे'. तिथे अंगठ्याचे काम नव्हते.

तरीही वकिलाने विचारले असते, एखाद्या दिवशी घाईत दिला असेल अंगठा, लिहिणाऱ्याने चुकवले असेल वय. खरे उत्तर दस्ताच्या मधल्या भागात होते. तो भाग गुरुजींनी पहिल्या दिवशी घाईत वगळला होता. चतुःसीमा. विकलेल्या वावराच्या चारी बाजूंना कोणाकोणाची जमीन आहे ते. दक्षिणेस नाला. पश्चिमेस पांदण. उत्तरेस एका देशमुखाचे शेत. आणि पूर्वेस 'गणपत वल्द विठोबा धाकटा याचे वावर'.

विकणारा गणपत विठोबा आणि शेजारीही गणपत विठोबा. एकाच कागदावर, एकाच दिवशी, हयात. माणूस स्वतःचा शेजारी नसतो.

मग बाकीचे धागे भराभर सुटले. आमच्या मूळ पुरुषाचे नाव विठोबा. त्याचे दोन मुलगे, पहिल्याचे नाव गणपत, दुसऱ्याचे मारोती. दोघांनीही आपापल्या मुलाला बापाचे नाव ठेवले, म्हणून दोन चुलतभाऊ विठोबा. पहिल्या विठोबाने आजोबांच्या रीतीने मुलाचे नाव गणपत ठेवले, हा आत्याचा बाप. दुसऱ्या विठोबाचा मुलगाही गणपत. का, ते कागद सांगत नाहीत. चतुर्थीला झाला असेल. तो सोळा वर्षांनी मोठा. पूर्वेकडचे वावर, म्हणजे आत्याच्या वडिलांचे, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात तिच्या भावाच्या नावे आहे आणि आजही त्याच घराकडे आहे. तिच्या बापाने काहीच विकले नव्हते.

आमच्या वडीलधाऱ्यांना हे कसे माहीत नव्हते, असा प्रश्न मला पडला. ज्यांना माहीत होते ते कधीच गेले होते. पुढच्या पिढीने 'गणपत विठोबाने विकले' एवढेच ऐकले, आणि त्यांच्या ओळखीचा गणपत विठोबा एकच होता. मोठ्या गणपतचे घर तोवर गाव सोडून गेले होते. दारूचा मजकूर कोणी केव्हा घातला कोण जाणे. वावर गेले की दारू आपोआप येते, ही आपल्याकडची गोष्ट सांगायची रीत.

कारण दस्तातही स्पष्ट लिहिले होते, वावर का विकले. सरकारसाऱ्याची बाकी आणि सावकाराचे देणे. १९३१ साल आठवा. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव कोसळले आणि कापसावर जगणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात शेतसारा भरायलाही पैसा उरला नाही. कर्जाचा प्रश्न एवढा चिघळला की मध्यप्रांत सरकारला १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला. मोठ्या गणपतने वावर विकले ते त्याच्या दोन वर्षे आधी. ज्या घराने एका निर्दोष माणसाला नव्वद वर्षे दारुडा ठरवले, ते दारुडेपण आता उचलून दुसऱ्याच्या माथी मारायला मी धजलो नाही. तोही बिचारा कर्जात बुडालेला एक कापूसवाला.

मोठ्या गणपतचे पुढे काय झाले, ते कागदांत नाही. कोतवाल बुकात त्याच्या मृत्यूची नोंद आमच्या गावी सापडली नाही. तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांकडे गावाच्या आणि जातीच्या नावाने वह्या असतात. नाशिक, पैठण, प्रयाग, गया, हरिद्वार, कोणत्याही ठिकाणी कोणी पिंड द्यायला गेला असेल तर त्याच्यामागच्या तीन-चार पिढ्या तिथे उतरवलेल्या असतात. अमेरिकेतल्या यूटा इथल्या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेने हरिद्वारच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती काढून नेल्या आहेत, यावरून त्यांची किंमत कळावी. नाशिकला मी जाऊन आलो. आमच्या शाखेचे नाव मिळाले, १९२० च्या सुमारास कोणीतरी गेले होते. मोठ्या गणपतच्या शाखेतले कोणी गेलेले नाही. कर्जबाजारी माणूस नाशिकला कुठून जाणार?

गेल्या पोळ्याला मी दस्ताची नक्कल आणि गुरुजींनी बाळबोधीत उतरवलेला कागद घेऊन आत्याजवळ बसलो. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून वाचून दाखवले. चतुःसीमेची ओळ दोनदा वाचली. ओसरीवर सगळे होते. कोणी काही बोलले नाही. एकाने उगीच सुपारी कातरायला घेतली.

आत्या बराच वेळ गप्प होती. मला वाटले ती रडेल, किंवा घरातल्यांना चार शब्द सुनावेल. तिचा हक्कच होता. तिने विचारले ते वेगळेच.

"मंग थो मोठा गनपत म्हन्जे आडदांड, एका डोयानं आंधया होता थोच का रे बापू?"

मी म्हटले, कागदात डोळ्याचे काही नाही.

"थोच असंल," ती म्हणाली. "पोयाच्या दिवशी येत जाय. घरात येत नव्हता, वट्ट्यावरच बसे. माहा बाप त्याले पायलीभर जवारी देत जाय अन् पूर्वेकडच्या धुऱ्यापर्यंत सोडाले जाय. मी इचारलं का हा कोन, तं म्हने, माह्याच नावाचा हाये."

ती कोणत्या सालची गोष्ट, ते मात्र तिला आठवत नाही.